कारहू खिंडीतली हवा

प्रिय मार्लिस,

हे पत्र मी तिसऱ्यांदा सुरू करतोय. पहिल्यांदा माझ्या कमरेचं दुखणं सांगता सांगताच पान संपलं. दुसऱ्यांदा डोलोरेसच्या डोळ्यांवर घसरलो. तिला आता फाशांवरचे ठिपके दिसत नाहीत, बोटांनी चाचपून सांगते, आणि तरी आपल्या खेळातला तिचा चोर पुजारी अजून सगळ्यांना लुबाडतोच. हे सगळं तुला ठाऊक आहे. तू म्हणशील, सेता, दोन रस्ते सोडून राहता, फोन करायला काय झालं? फोनवर मला ते बोलता येणार नाही. तू मध्येच हसशील, आणि तू हसलीस की मी गेली तेहेतीस वर्षं जे करत आलो तेच करीन, म्हणजे मीही हसेन. कागदासमोर तशी सोय नाही.

मला कारहू खिंडीबद्दल सांगायचंय. ती खिंड आपल्या नकाशाशिवाय जगात कुठेच नाही. त्या खिंडीत जी माणसं गेली तीही कधी जन्मलेली नव्हती. पण त्या शनिवारी तू त्या खिंडीवरून एक खरी गोष्ट ठरवलीस आणि त्या ठरवण्यावर आजवर चालत आलीस. ती गोष्ट ज्यावर उभी होती ते मी खालून काढून घेतलं होतं. कसं, ते नीट क्रमानं लिहितो. घाई केली तर मी स्वतःला सोडवून घेईन, मला माझी सवय माहीत आहे.

तू पहिल्यांदा आलीस ते टॉवेलांची टोपली घेऊन. टाऊनोच्या सलूनचे टॉवेल तुमच्या लाँड्रीत जायचे आणि शनिवारी दुपारी परत यायचे. मागच्या खोलीत आम्ही तिघं टेबलावर वाकलेले, टाऊनो, डोलोरेस आणि मी, आणि टेबलभर माझा नकाशा पसरलेला. तू टोपली कमरेवर तशीच धरून विचारलंस, हा कुठला देश? टाऊनो म्हणाला, “कुठलाच नाही, म्हणून तर बरा आहे. इथे कर नाहीत आणि माझी सासू नाही.” मग त्यानं तुला खेळ समजावला, म्हणजे त्याच्या पद्धतीनं. “हाल्लामा नावाचा देश आहे, आम्ही त्यात राहतो. मी शिकारी आहे पण मला रक्त बघवत नाही, ही शाळेत पोरांना सूप वाढणारी बाई तिथे पुजारी आहे आणि चोरी करते, आणि हा रस्त्यावरचा बर्फ ढकलणारा गाडीवाला वाल्फ्रिड तिथला पाऊस पाडतो.” तू माझ्याकडे बघून म्हणालीस, “मग इथला पण तुम्हीच पाडता का? मंगळवारी माझ्या चादरी भिजल्या.” त्या दिवसापासून तू मला सेता म्हणायला लागलीस. तुझ्या आजीच्या भाषेतलं ते काका म्हणणं. मला तोवर कोणी काका म्हटलं नव्हतं. मला भाऊ नाही, बहीण नाही, आणि लग्नाचंही ते तसंच राहिलं.

हवा हे माझं होतं, तुला माहीत आहे. राजे कोण, भांडणं कशाची, देवांची नावं काय, यात मला कधी रस नव्हता. ते डोलोरेस आणि टाऊनो ठरवायचे. मला एवढंच पाहिजे होतं की त्या देशात वारा कुठून येतो ते कळावं. दहावीत शाळा सोडली, पण वाचनालयातली हवेवरची पुस्तकं मी एकूण एक वाचली, समजली नाहीत ती दोनदा. बाकीचं गाडीच्या काचेतून शिकलो. सरोवरावरून वारा निघाला की पाण्याची वाफ पाठीवर घेतो आणि पहिली टेकडी लागली की तिथेच ओझं टाकतो, हे मला बर्फ ढकलून ढकलून पाठ झालं होतं. तेच मी हाल्लामात घातलं. उत्तरेला उबदार समुद्र, त्यातून सदा वाफ निघते, म्हणून टाऊनोनं त्याला सॉना समुद्र म्हटलं. त्याच्या दक्षिणेला डोंगररांग, त्या रांगेत एकच वाट, कारहू खिंड. खिंडीच्या अलीकडे बर्फच बर्फ, पलीकडे कोरडा उतार आणि मेंढ्या.

आणि आपला तो नियम. आपल्याकडे पहिला बर्फ पडून माझी गाडी एकदा फिरली की त्यानंतरच्या शनिवारी हाल्लामाची पुढच्या वर्षाची सगळी हवा फाशांनी काढायची. चौघांनी तीन तीन महिने. प्रत्येक दिवसाचे दोन आकडे, प्रत्येक आकडा दोन फाशांची बेरीज, ज्यानं फासे टाकले त्यानं स्वतःच्या हातानं लिहायचे, महिन्याचा कागद पाकिटात घालून मेणानं बंद. आकड्यांचा अर्थ सांगणारे तक्ते फक्त माझ्याकडे. महिना सुरू झाला की पाकीट मी फोडायचं, तो दिवस आला की आकडे तक्त्याशी ताडून हवा वाचून दाखवायची. महिना संपला की कागद शेगडीत. राजा खोटं बोलला तरी चालेल, देव बोलला तरी चालेल, डोलोरेस तर बोलणारच, पण हवा खोटं बोलणार नाही. हे वाक्य माझंच. मी ते नव्या माणसाला इतक्या तोऱ्यात सांगायचो की टाऊनो मागून पाद्र्यासारखे हात जोडून उभा राहायचा.

पहिल्याच वर्षी तू माझी चूक काढलीस, आठवतं? वायव्येचं वाळवंट. मी ते डोंगराच्या समुद्राकडच्या बाजूला काढलं होतं, जिथे खरं तर पाऊस कोसळायला हवा. दहा वर्षं कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही. तू सगळ्यांसमोर बोलली नाहीस. टॉवेल मोजून झाल्यावर मी दारात कोट चढवत होतो तेव्हा हळूच म्हणालीस, “सेता, इथे वारा समुद्रावरून येतो ना? मग ओलाव्यानं वाळवंटाला वळसा घातला का?” मी म्हणालो, तिथल्या देवाला तहान फार लागते, तो वाटेतच पितो. तू मान हलवलीस. पण टाऊनोनं ऐकलं होतं. पुढे वर्षभर तो गिऱ्हाइकाच्या डोक्यावर पाणी मारताना म्हणायचा, “थांबा, आमच्या वाल्फ्रिडच्या देवानं ठेवलंय का बघतो.” मी हसायचो. घरी जाऊन मी ते वाळवंट खोडलं आणि पुढचा सबंध हिवाळा वारे पुन्हा आखले. ते आखून झाल्यावर नकाशा पहिल्यांदा खरा वाटायला लागला. तुझे आभार मी मानले नाहीत. सगळ्यांना सांगितलं की मलाच कधीपासून शंका होती. सुरुवात तिथून आहे बहुतेक. पण ती छोटी गोष्ट होती, आणि छोटी म्हणूनच मला सहज पचली.

त्यानंतर तू वही घातलीस. मी दर शनिवारी जी हवा वाचायचो ती तू तारीखवार उतरून घ्यायचीस, सहा वर्षं. आम्हांला वाटायचं पोरीला नाद लागलाय. लाँड्रीच्या मागच्या दारात उभी राहून तू आपल्या सरोवराकडे बघायचीस आणि तेही त्याच वहीत, समोरच्या पानावर. मला तू कधीतरी विचारायचीस, सेता, वारा वळायच्या आधी लाटांचा रंग का बदलतो? मी मला येतं तेवढं सांगायचो. कधी कधी मला येत नसायचं तेही सांगायचो. आणि तुझ्या डोळ्यांत मला दिसायचं की तुला तो फरक कळतोय.

मग तो फेब्रुवारी आला. त्या वर्षी जानेवारीपासून असा गारठा की माझ्या गाडीचं तेल घट्ट व्हायचं. मिनेसोटातल्या त्या हवामानाच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाचा फॉर्म तू आणला होतास. भरलेला, पाकिटात घातलेला, तिकीट लावलेला, फक्त टाकायचा बाकी. सोमवार शेवटचा दिवस. तुझ्या आईनं म्हटलं होतं सत्तावीस वर्षांची बाई पोरांबरोबर बाकावर बसणार का, आणि लाँड्रीतल्या बायांनी म्हटलं होतं आता आम्हांला छत्री नेऊ का ते विचारायला तुझी वेळ घ्यावी लागेल. ते पाकीट तू टेबलावर ठेवलंस, फाशांच्या डब्याशेजारी. त्यावेळी खेळात तुझी केर्त्तू दोनशे बारा माणसं घेऊन कारहू खिंडीच्या पायथ्याशी होती. मागे जळलेलं गाव, जवळ तीन दिवसांची भाकरी. थांबावं तर उपास, निघावं तर खिंडीचा बर्फ.

तू वही उघडलीस. तुझं बोलणं मला शब्दाशब्दानं आठवतं. “सलग अकरा दिवस कडक थंडी आणि वारा पडलेला. म्हणजे सॉना समुद्र गोठला. समुद्र गोठला की वाफ नाही, वाफ नाही तर बर्फ कुठून आणणार? सहा वर्षांत अशी वेळ दोनदा आली, दोन्ही वेळा खिंड कोरडी होती. एकोणीस तारखेला निघायचं.” डोलोरेस म्हणाली, बये, दोनशे माणसांचा जीव आहे, जरा देवाला विचारू का? तू म्हणालीस, “तुमचा देव माझी भाकरी चोरून खातो, त्याला काय विचारायचं.” मग पाकिटावर बोट ठेवून म्हणालीस, “खिंड मोकळी निघाली तर सोमवारी हे टाकते. नाही निघाली तर नाही.” टाऊनोला ते आवडलं नाही. तो म्हणाला, अगं, फाशांवर कोणी आयुष्य ठरवतं का? तेव्हा तू म्हणालीस, “हे फासे नाहीत, हिशोब आहे. सेतांच्या हवेचा हिशोब मला लागला तर खऱ्या हवेचाही लागेल. आणि याच हवेचा लागला नाही, तर मी कोणाचं डोकं खायला तिकडे जाऊ?”

गोठलेल्या समुद्राचा तक्ता मी कोणाला दाखवला नव्हता, मार्लिस. तो आहे हेसुद्धा कोणाला माहीत नव्हतं. दहा दिवसांहून जास्त कडक थंडी आली की मी नेहमीचा तक्ता बाजूला ठेवून तो काढायचो. ज्या वर्षी आपलं सरोवर फार दूरवर गोठतं त्या वर्षी मला गाडी कमी काढावी लागते, हे कळायला मला सतरा हिवाळे लागले होते. त्यावरून तो तक्ता झाला. तू तो न बघता, नुसत्या वहीवरून, माझ्या डोक्यातून बाहेर काढून टेबलावर ठेवलास. टाऊनो शेगडीत लाकूड घालायला उठला तेव्हा मी तक्ते झाकायच्या माझ्या पुठ्ठ्याच्या आडोशाला कागद पाहिला. एकोणीस तारीख. टाऊनोच्या हातचे आकडे, सात आणि चार. गोठलेल्या समुद्राच्या तक्त्यात सात आणि चार म्हणजे निरभ्र, कडक थंडी, वारा मंद. खिंड मोकळी होती. तुझी दोनशे बारा माणसं संध्याकाळच्या आत मेंढ्यांच्या उतारावर पोचणार होती.

मी वाचलं, बर्फ. दिवसभर. पुढे केलेला हात दिसत नाही.

तू लगेच वाद घातला नाहीस. वहीतली त्या अकरा दिवसांची पानं पुन्हा उलटलीस, मग विचारलंस, “पण समुद्र गोठलाय ना?” खरं बोलायला तीही एक संधी होती. मी म्हणालो, मध्यभागी उघडा राहिला असेल. तू म्हणालीस, “हं. मध्य मी धरलाच नाही.” आणि पेन्सिलीनं वहीत तसं लिहून घेतलंस. माझं खोटं तू माझ्यासमोर, नीट अक्षरात, शिकून घेतलंस. त्यानंतरचा अर्धा तास तू आणि मी मिळून ती माणसं मारली, एकेक करून, कारण नियम तसा होता आणि तुला नियम मोडलेला चालत नसे. केर्त्तू शेवटी गेली. पुढच्या शनिवारी डोलोरेसनं रिवाजाप्रमाणे तिच्या नावाची पेस्टी, मांस-बटाटा भरलेली ती मोठी करंजी, वेगळ्या ताटलीत ठेवली. तू ती अर्धी खाल्लीस, अर्धी माझ्या ताटलीत सारलीस आणि म्हणालीस, “खा सेता, तुमच्या बर्फानं मेली, तुमचा पण वाटा आहे.” मी खाल्ली. फॉर्मचं पाकीट त्या दिवशी सूपच्या भांड्याखाली होतं, टेबलाला डाग पडू नये म्हणून तूच ठेवलेलं.

मी असं का केलं, याची उत्तरं मी वेळोवेळी स्वतःला देत आलोय. पहिली काही वर्षं म्हणायचो, तुझ्या भल्यासाठी. परक्या गावी दोन वर्षं, इकडे आई एकटी, आणि तिथून परत येऊन आपल्या गावात काम कुठलं मिळणार होतं? मग म्हणायला लागलो, चौथं माणूस गेलं असतं तर टेबल मोडलं असतं, टाऊनोला आणि डोलोरेसला शनिवारचा तेवढाच विरंगुळा होता. टाऊनो गेल्यावर हे उत्तर निकामी झालं, तेव्हा म्हटलं मला तुझा लळा होता. तो होता, आहे, पण लळा हे कारण नव्हतं. कारण हे की एकवीस वर्षांचा असताना मीही हवामान खात्याला एक पत्र लिहिलं होतं, वाचनालयातल्या बाईंकडून चुका तपासून घेऊन. त्याचं उत्तर आलं नाही. त्यानंतर मी स्वतःची समजूत काढली की शिकलेल्यांना कळत नाही ते मला कळतं, आणि त्याच्या पुराव्यादाखल एक अख्खा देश तयार केला. त्या देशात माझ्यापेक्षा जास्त हवा कोणाला कळू शकत नव्हती. आणि टॉवेल आणणाऱ्या पोरीला ती कळली. वर ती सोमवारी पाकीट टाकून खऱ्या शाळेत जाणार होती. कागदावरचे सात आणि चार पाहिले तेव्हा मला काय वाटलं ते मी ऐंशी ओलांडल्यावर पहिल्यांदा लिहितोय. मला राग आला.

टाऊनोला संशय होता. महिनाभरानं मी त्याच्याकडे दाढीला बसलो होतो, फेस लावलेला, मान मागे. तो वस्तरा पट्ट्यावर ओढत म्हणाला, “तो महिना माझा होता, नाही का रे? एकोणिसाला सात पडले होते असं मला उगीच वाटत राहतं. माझ्या मुलीचा वाढदिवस सातला, म्हणून लक्षात राहिलं. सातला बर्फ पडतो का, वाल्फ्रिड?” मी म्हणालो, पडतो. वस्तरा गळ्यावर होता, पण भीती वस्तऱ्याची नव्हती. तो म्हणाला, “बरं.” नंतर कधी तो विषय नाही. पण पुढच्या नोव्हेंबरात त्यानं फासे टाकले नाहीत. हात जड झालाय म्हणाला, आणि त्याचे तीन महिने डोलोरेसला देऊन टाकले. तू त्याला चिडवलंस, की वस्तरा चालवायला हात हलका आणि फाशांना जड कसा. तो हसला नाही. मरेपर्यंत त्यानं हाल्लामाच्या हवेला हात लावला नाही. त्याच्या प्रेताला खांदा देताना माझ्या मनात शोक नव्हता. आता कोणी विचारणार नाही, असं होतं. असं वाटलेला माणूस तुझा सेता आहे.

तो कागद शेगडीत गेला नाही. त्या महिन्याअखेरीस मी सगळ्यांसमोर जो जाळला तो सलूनच्या साबणाच्या खोक्यातला कोरा कागद होता. खरा का ठेवला ते मला सांगता येत नाही. चांगुलपणा म्हणून तर नक्की नाही. या पाकिटात तो आहे, आणि सोबत गोठलेल्या समुद्राचा तक्ता. एकोणिसाव्या दिवसाचे आकडे तक्त्यात तूच शोध. माझ्या वाचण्यावर आता भरवसा ठेवायचं कारण नाही.

तुझं आयुष्य वाया गेलं असं मी म्हणत नाही. तसं म्हणणं म्हणजे पुन्हा माझाच तोरा, जणू तुझं सगळं बरंवाईट माझ्या एका शब्दावर टांगलेलं होतं. तू लाँड्री चालवलीस, बायांना वेळेवर सुट्ट्या मिळाव्यात म्हणून मालकाशी भांडलीस, रेमंडशी संसार केलास आणि त्याचं शेवटचं आजारपण ज्या धीरानं काढलंस ते मी पाहिलंय. कदाचित मिनेसोटात तुला कंटाळा आला असता. कदाचित त्यांनी तुला घेतलंच नसतं. ते तुझं तू बघितलं असतंस. पाकीट टाकायचं की नाही एवढं तरी तुझ्या हातात राहायला हवं होतं, आणि तू ते खरेपणानं हवेवर सोपवलंस, कारण हवा खोटं बोलत नाही असं तुला एका माणसानं सांगितलं होतं.

या शनिवारी मी, टाऊनो गेल्यापासून आपण वाचनालयात जमतो त्या टेबलावर, हे सगळ्यांना सांगणार आहे. डोलोरेसला, आणि खेळायला आलेल्या त्या नव्या चौघांनाही, ज्यांना मी तेच वाक्य त्याच तोऱ्यात ऐकवलंय. मग तक्ते टेबलावर ठेवून उठेन. हवा दुसऱ्या कोणीतरी सांभाळावी. सगळ्यांच्या आधी तुला कळावं म्हणून हे पत्र शुक्रवारच्या आत तुझ्या दारात टाकतोय. तू यावंस असं काही नाही. माफी मी मागत नाहीये. मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि तू भिडस्त आहेस, दार लावून घ्यायचं असलं तरी अर्धं उघडं ठेवशील.

पण तेहेतीस वर्षं गप्प बसलेला माणूस आताच का बोलतोय, ते सांगायला हवं. ते तू लाँड्रीतून निवृत्त झालीस त्या निरोपाच्या दिवसामुळे. लाँड्रीच्या हॉलमध्ये तू खिडकीशी उभी होतीस, तुझ्या शेजारी ती नवी मुलगी, इस्त्रीवरची. तिनं सरोवराकडे बघून विचारलं, हे ढग कसले, घरी जाईपर्यंत बर्फ पडेल का? मी तुमच्या मागे खुर्चीत होतो. तू बाहेर पाहिलंस आणि तोंडातल्या तोंडात म्हणालीस, “वारा वायव्येला वळलाय. चारच्या आत बर्फाचा पट्टा येईल, पण पुलापलीकडे नाही जायचा.” अगदी सहज, जसं कोणी स्वतःशी पुटपुटतं. मुलीला ते ऐकूच गेलं नाही. मग तू मोठ्यानं म्हणालीस, “मला नको विचारूस बाई, सेतांना विचार. मी हवा ओळखायला गेले तेव्हा दोनशे बारा माणसं गोठवून मारली होती. नशीब, सेतांमुळे वेळेवर कळलं की हे आपलं काम नाही.” सगळा हॉल हसला. तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास. मी हसलो, मार्लिस, केकची बशी हातात धरून, मोठ्यानं हसलो, आणि त्या मुलीला सांगितलं की आज काही पडत नाही. चारला दहा कमी असताना बर्फ आला. तू तेव्हा खिडकीकडे पाठ करून केक कापत होतीस, तुला दिसलाच नाही. मी घरी जाताना पुलापर्यंत गाडी नेली. अलीकडे रस्ता पांढरा होता आणि पलीकडे कोरडा ठणठणीत. पुढच्या वेळी कोणी तुला विचारलं, तर माझ्याकडे बोट दाखवू नकोस. तूच सांग.

तुझाच,
वाल्फ्रिड